हेल्पर न पळवण्याचा ठराव

गाढवपणा माझाच होता, आणि तो मी काठपदराची साडी नेसून, कपाळाला हळदीकुंकू लावून, पंधरा बायकांसमोर उभी राहून केला. सिंगापुरात मरीन परेडच्या आमच्या काँडोतल्या, म्हणजे फाटकबंद सोसायटीतल्या, फंक्शन रूममध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. तिथे मी ठराव मांडला, की या काँडोतल्या मराठी घरांनी एकमेकींच्या हेल्पर, म्हणजे घरातच राहणाऱ्या कामवाल्या बायका, पळवायच्या नाहीत. एखादीची हेल्पर आपणहून काम मागायला आली, तरी तिच्या आधीच्या घरच्या बाईने स्वतः होकार दिल्याशिवाय तिला ठेवायचं नाही. तोंडात तिळगूळ असल्यामुळे असेल, विरोध कुणीच केला नाही. उलट टाळ्या पडल्या. त्याच संध्याकाळी ठराव व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. तो मी सांगितला आणि नातीने टाइप केला, कारण फोनवर मराठी लिहायला मला पाऊण तास लागायचा.

मी तेव्हा चौसष्टची होते, म्हणजे तशी तरुणच. आता पंच्याहत्तरीच्या उंबऱ्यावरून त्या बाईकडे बघते तेव्हा तिला खाली बसवून पाणी द्यावंसं वाटतं. पुण्याच्या कॉलेजात तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेली. त्यातली बावीस वर्षं अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर हिच्याकडे. आवाज मागच्या बाकापर्यंत पोचणारा, आणि तो पोचतो याचा अभिमान दुप्पट लांब पोचणारा. अमेरिकेतलं यादवी युद्ध दोन तासांत संपवून ती नंतरच्या काळावर यायची. गुलामी गेली, पुढे काय, हा तिचा आवडता तास. त्या तासाला तिचा गळा ठरलेल्या जागी दाटून यायचा. मुली म्हणायच्या, मॅडम किती मनापासून शिकवतात. मॅडमही तेच म्हणायच्या, फक्त मनातल्या मनात.

तर या मॅडमनी असा ठराव का मांडला? कारण साधं आहे. मला घरी जायचं होतं.

लेक सिंगापुरात बँकेत, जावई तुआसच्या एका कारखान्यात इंजिनिअर, नात तेरा वर्षांची. त्यांची पहिली हेल्पर समोरच्याच ब्लॉकमधल्या एका मराठी घराने पळवली. लेकीने रडत फोन केला आणि मी दोन महिन्यांसाठी म्हणून आले. नवी हेल्पर आली. मग ती रुळेपर्यंत थांब, असं झालं. रुळली, तर नातीची परीक्षा संपेपर्यंत थांब. अशा रीतीने दोन महिन्यांचं दीड वर्ष झालं आणि मी बाराव्या मजल्यावरच्या बाल्कनीतली एक कुंडी होऊन बसले. ऊन मिळत होतं, पाणी मिळत होतं, तक्रारीला जागा नव्हती.

काँडोच्या फाटकाला आणि लिफ्टला कार्ड लागायचं. घरात कार्डं चार: लेकीचं, जावयाचं, नातीचं, हेल्परचं. पाचवं करायला अर्ज द्यावा लागतो, म्हणून ते दर आठवड्याला पुढच्या आठवड्यात होणार होतं. त्यामुळे मला खाली बागेत जायचं असलं तरी हेल्परला विचारावं लागे. तिला बाजारात जायचं असलं तर मला, कारण कार्ड तिच्याबरोबर गेलं की मी घरात अडकले. आम्ही दोघी एकमेकींना सोडून कुठे जाऊच शकत नव्हतो. सकाळी आठला सगळे गेले की संध्याकाळी सातपर्यंत घरात फक्त आम्ही. मी तिला भाकरी थापायला शिकवली, आमटीला गूळ किती ते शिकवलं, आणि दिवसभर दुसरं कोणी नसल्यामुळे बोलून बोलून मराठी शिकवली. ती म्यानमारच्या एका डोंगराळ गावातली, पस्तिशीची. त्याआधी सिंगापुरातच पासिर रिसमध्ये एका चिनी आजीला तिने पाच वर्षं सांभाळलं होतं, त्या आजी जाईपर्यंत.

तिची झोपायची जागा म्हणजे घरातला बॉम्ब शेल्टर. तिथल्या नव्या इमारतींत प्रत्येक फ्लॅटला एक अशी कोठडी असते; जाड भिंती, लोखंडी दार, खिडकी नाही. युद्ध काही होत नाही, म्हणून लोक तिथे तांदळाचे डबे, सूटकेस, दिवाळीचे आकाशकंदील ठेवतात, आणि हेल्परला. हवा यावी म्हणून तिला दार उघडं ठेवून, पंखा दारात लावून झोपावं लागे. म्हणजे हवा हवी तर पडदा नाही, पडदा हवा तर हवा नाही. पहिल्या दिवशी मी ते बघून हळहळले होते. दुसऱ्या आठवड्यापासून मीही माझी सूटकेस तिथेच ठेवू लागले.

तिचं कामाचं परमिट मे महिन्यात संपणार होतं. लेक म्हणाली, तिने पुढच्या दोन वर्षांसाठी सही केली की तू खुशाल पुण्याला जा. म्हणजे माझं तिकीट तिच्या सहीला बांधलेलं. मध्ये कुणी तिला पळवलं की मी परत कुंडीत. म्हणून तो ठराव. बाकी बायकांसमोर मी शिस्त, विश्वास, आपला मराठी समाज वगैरे शब्द वापरले. तीस वर्षांची सवय.

फेब्रुवारीत एका दुपारी मी मटार सोलत होते. ती माझ्यासमोर येऊन बसली. एरवी ती कधी बसायची नाही, उभ्यानेच बोलायची. तिने सगळं आधी जुळवून मगच तोंड उघडलं होतं. तिसऱ्या ब्लॉकमध्ये एक मराठी बाई होत्या, संशोधन करायच्या, एकट्या राहायच्या. त्यांच्या वडिलांना पक्षाघात झाला होता आणि त्यांना नागपूरहून त्यांनी आपल्याकडे आणलं होतं. खाली बागेत हिची आणि त्या वडिलांची ओळख झाली. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला कसं उचलायचं ते हिला येतं, हे त्या बाईंच्या लक्षात आलं. त्या हिला घ्यायला तयार होत्या. हवी होती फक्त माझ्या लेकीची सही, ट्रान्सफरच्या, म्हणजे घर बदलायच्या, कागदावर. ती नसेल तर दोनच रस्ते: आमच्याकडे आणखी दोन वर्षं, किंवा गावी परत आणि पुन्हा एजंटच्या दारात पहिल्यापासून.

मी विचारलं, आमच्याकडे काही कमी पडतं का? हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, हे मला आता कळतं. तिने मात्र विचार करून उत्तर दिलं.

“त्यांच्या खोलीला खिडकी आहे,” ती म्हणाली. “आणि घरात बुद्ध आहे.”

मग तिने मला सांगितलं, की मॅमना तुम्ही घरात, एकट्यात सांगा. मी सांगितलं तर त्या घाबरतील, तुम्ही आई आहात. दुसऱ्या कुणाला कळायला नको, त्या ताईंना ग्रुपचा त्रास होईल.

मी म्हटलं, बघते.

मराठीतलं ‘बघते’ तिला मी अजून शिकवलं नव्हतं. ती समाधानाने उठली आणि सोललेले मटार घेऊन गेली. मी बघितलं काहीच नाही. महिनाभर रोज मनाशी म्हणायचे, आज लेक दमलीये, उद्या सांगू. लेक रोजच दमलेली असायची, त्यामुळे माझी सोय झाली.

मार्चमध्ये नातीला शाळेतून निबंध आला. तिची शाळा अमेरिकन पद्धतीची. विषय होता, यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या काळ्या माणसांचं काम आणि कायदे. नात एरवी माझ्याकडे चार्जर शोधायला तेवढी यायची. त्या दिवशी वही घेऊन आली. मला काय झालं ते कसं सांगू? दीड वर्षात पहिल्यांदा कुणाला माझी गरज भाकरीपलीकडे पडली होती. मी चष्मा पुसला, पदर खोचला आणि जेवणाच्या टेबलालाच वर्ग केला. हेल्पर बाजूला इस्त्री करत होती.

मी सांगत गेले. गुलामी कायद्याने संपली, पण दक्षिणेतल्या मळेवाल्यांना कापूस वेचायला माणसं तीच हवी होती, आणि तशीच हवी होती. म्हणून राज्यांनी नवे कायदे केले. दर जानेवारीत काळ्या मजुराने वर्षभराचा करार करायचा. कराराचा कागद जवळ नसेल तर तो भटका, पकडा त्याला. वर्ष संपायच्या आत काम सोडलं तर आधीच्या महिन्यांची मजुरी गेली. आणि एका मळ्यावरच्या मजुराला दुसऱ्याने जास्त चांगलं काम देऊन बोलावलं, तर तो बोलावणारा गुन्हेगार. या शेवटच्या कायद्याला मी माझ्या नोट्समध्ये ‘परमजूर-प्रलोभन-प्रतिबंध’ असं नाव दिलं होतं. मुलींना ते म्हणता येत नसे, पण परीक्षेत लिहिता येत असे.

“काही ठिकाणी तर कायद्याचीही वाट बघितली नाही,” मी रंगात येऊन म्हटलं. “मळेवाले जमले आणि आपापसात ठरवून मोकळे झाले, की जुन्या मालकाची संमती असल्याशिवाय कुणी कुणाचा माणूस ठेवायचा नाही.”

नात लिहिता लिहिता थांबली. “वेट, आजी. हे मी टाइप केलंय.”

“काय टाइप केलंयस?”

“सेम रूल, लाह. तुझ्या ग्रुपवर,” ती तिथल्या मुलांसारखं ‘लाह’ लावून म्हणाली. आणि तिने खरंच फोन काढून वाचून दाखवला. माझीच वाक्यं, माझ्याच शैलीत. ‘संमती’ हा शब्दसुद्धा तोच.

मी बावीस वर्षं तो मुद्दा शिकवला होता. तो पाच गुणांना यायचा. माझ्या घशात तो पहिल्यांदा त्या दुपारी अडकला, आणि तो ठरलेल्या जागी नव्हे.

आता एक कबूल करायला हवं. तुलना करताना जपावं, हेही मी वर्गात सांगायचे. त्या माणसांच्या पिढ्या विकल्या गेल्या होत्या, पाठी फोडल्या गेल्या होत्या, करार मोडला तर बेड्या होत्या. आमच्या घरात कुणी तिच्यावर आवाजसुद्धा चढवत नव्हतं. तिला पगार होता, फोन होता, रविवार होता. पण तिने कुठे जावं हे तिच्याशिवाय सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, एवढा भाग मात्र सारखाच होता, आणि तो मी ठरवला होता.

इस्त्री करता करता तिने विचारलं, ती माणसं कुठल्या देशातून आलेली? मी म्हटलं, त्यांचे पणजे-खापरपणजे आणलेले, ही माणसं जन्मली तिथेच. तिने एक कॉलर फिरवली, दाबली.

“त्यांचाच देश,” ती म्हणाली, “मग परमिट कशाला?”

नातीने तो प्रश्न वहीत उतरवून घेतला आणि निबंध तिथूनच सुरू केला.

त्या दिवशी संध्याकाळी लेक आल्यावर मी तिला आत नेऊन चार वाक्यं बोलले असते, तर ही हकीकत इथेच संपली असती. लेक चिडली असती, दोन दिवस फुगली असती, पुढे काय झालं असतं कोण जाणे. पण मला पश्चात्ताप झाला होता ना! आणि प्राध्यापिकेला पश्चात्ताप झाला की तिला श्रोते लागतात. ठराव मी सगळ्यांसमोर मांडला होता, तो मागेही सगळ्यांसमोरच घ्यायला हवा, असं मी स्वतःला पटवलं. गुढीपाडवा पुढच्या आठवड्यातच होता.

फंक्शन रूम तीच, बायका त्याच, शिवाय आता त्यांचे नवरेही. तिसऱ्या ब्लॉकच्या त्या बाईही आल्या होत्या. संक्रांतीला त्या नव्हत्या; त्यांचं घर बौद्ध, हळदीकुंकू त्या करत नाहीत. ठरावाला त्यांचा होकार कुणी विचारला नव्हता, त्या ग्रुपवर होत्या म्हणून नियम त्यांनाही लागू झाला. पाडव्याला मात्र त्या वडिलांना खुर्चीवरून घेऊन आल्या होत्या, कारण वडिलांना श्रीखंड आवडायचं.

मी उभी राहिले. दोन मिनिटांत सांगायचं ते वीस मिनिटं सांगितलं. मळे, कापूस, करार, सगळं. गळा दाटला. मग म्हणाले की आपण बायकांनी तेच केलं आहे आणि ठराव मागे घ्यायला हवा.

मग एकजण म्हणाली, “काकू, आम्ही काय गुलाम ठेवलेत का?” दुसरी म्हणाली, आमच्याकडे तिला एसी आहे. तिसरीने सांगितलं, की माझी हेल्पर माझ्या मुलांना स्वतःची मुलं समजते. एका नवऱ्याने मान डोलावून म्हटलं, इंटरेस्टिंग. ठराव मांडणारी ही म्हातारी आता आपल्यालाच फटकारते आहे, हे त्यांना आवडलं नाही, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मी पण चिडले. मला उदाहरण हवं होतं, ठोस उदाहरण, ज्याच्याशिवाय उत्तराला गुण मिळत नाहीत.

म्हणून मी म्हणाले, “आमच्याच हेल्परचं घ्या. तिला याच काँडोत चांगलं घर मिळतंय, एका आजोबांना सांभाळायला, आणि केवळ या ठरावापायी ती अडकली आहे.”

काँडोतल्या मराठी घरांत सांभाळायला लागणारे आजोबा एकच होते. ते खुर्चीत बसून श्रीखंड खात होते. सगळ्यांच्या माना एकदम तिकडे वळल्या. त्यांच्या लेकीने हातातला चमचा वाटीत ठेवला, रुमालाने वडिलांचं तोंड पुसलं आणि कुणाकडेही बघितलं नाही.

माझी लेक वाढपाला उभी होती, हातात पुऱ्यांचं ताट. आपली हेल्पर जायचं म्हणते आहे हे तिला त्या क्षणी कळलं, चाळीस माणसांबरोबर.

घरी आल्यावर लेकीने पुऱ्यांचं ताट स्वतः घासून ठेवलं. मग म्हणाली, “सगळ्यांसमोर तू मला मळेवाली केलंस, आई.” मी म्हटलं, मी स्वतःला म्हणत होते. ती म्हणाली, नाही, तू उभी होतीस आणि मी ताट घेऊन होते. “मला घरात सांगितलं असतंस तर मी सही केली असती का, ते आता मलासुद्धा कळणार नाही. पण आता नाही करणार. आता केली तर तू म्हणालीस तेच खरं ठरेल.” ती बारा-बारा तास काम करायची, वरून माझं हे. तिलाही कुठे जायला वाट नव्हती. हेल्पर नसेल तर नोकरी नाही, नोकरी नसेल तर तिथे राहायचा पास नाही, पास नसेल तर ते घरच नाही. हे मला माहीत होतं. पण भाषणात ते कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिसऱ्या ब्लॉकला गेले; अर्थात हेल्परला खाली आणून, तिच्या कार्डाने दार उघडून. ती बाहेर बाकावर बसली, मी वर गेले. त्या बाईंनी मला चहा दिला. चांगल्या बोलल्या, रागावल्या नाहीत, आणि तेच मला जड गेलं. त्यांनी एजंटला फोन करून टाकला होता, दुसरी हेल्पर येणार होती. मी म्हटलं, तुम्ही ग्रुपला घाबरू नका, मी आहे तुमच्या बाजूने.

“काकू,” त्या म्हणाल्या, “कुणाच्या घरात कोण चालतं आणि कोण नाही, हे चारजण जमून ठरवतात, त्याची मला लहानपणापासून सवय आहे. मी भांडू शकते. पण बाबांना खाली बागेत न्यायचं असतं हो रोज. ते जाताना लोक बोलायचे थांबले, तर त्यांना कळतं.”

हेल्परसाठीची ती रिकामी खोली मी येताना बघितली. छोटीच होती. खिडकीतून समोरच्या ब्लॉकचे वाळत घातलेले कपडे दिसत होते, बाकी काही नाही.

खाली बाकावर ती माझ्याकडे बघून उठली. मी काही सांगायच्या आत तिने कार्ड काढलं आणि ती आमच्या ब्लॉककडे वळली. तिला काही विचारायची गरज पडली नाही.

एप्रिलभर मी प्रायश्चित्ताच्या मागे लागले होते. शेल्टरमधून सूटकेस काढून माझ्या पलंगाखाली कोंबल्या, तांदळाचे डबे ओट्याखाली नेले, मोठा पंखा आणवला. भिंतीला खिडकीच्या आकाराचं डोंगराचं चित्र लावावं, इथपर्यंत माझी मजल गेली होती; ते विकत घेताना दुकानदाराने विचारलं कुठे लावणार, तेव्हा शरमेने परत ठेवलं. मी गेल्यावर नातीच्या खोलीतल्या माझ्या पलंगावर तिला झोपू दे, असं सुचवलं. तिथे नातीच्या परीक्षेसाठी मोठं टेबल यायचं होतं.

मे महिन्यात तिने सही केली. दोन वर्षांची, आमच्याकडेच. लेकीने तिला नवा फोन दिला आणि तिने तो दोन्ही हातांनी घेतला. ठराव त्यानंतर पंधरा दिवसांनी रद्द झाला, एकमताने. ज्या बाईकडे एसी होता तिला स्वतःलाच कुणाची तरी हेल्पर हवी झाली होती.

आणि माझं तिकीट आलं. ठरल्याप्रमाणे.

निघायच्या दिवशी दुपारी घरात पुन्हा आम्ही दोघीच. जावई टॅक्सी घेऊन खाली येणार होता. तिने माझी बॅग लिफ्टपर्यंत आणली, कार्ड लावलं. लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकली होती, आकडा बराच वेळ हलेना. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, की बाई गं, मला माफ कर, मी तुझ्यासाठी सगळ्यांशी बोलले, जीव तोडून बोलले, पण उपयोग झाला नाही.

तिने हात काढून घेतला नाही. लिफ्टच्या आकड्याकडे बघत होती. मग म्हणाली, “आजी, मी तुम्हाला बोलायला नव्हतं सांगितलं. सही आणायला सांगितलं होतं.”